देवपूरचे रेगे

आमच्या कॉलनीत रेगे आडनावाचा एकही माणूस राहत नाही. तरीही "रेगे नानांचं घर कुठलं हो?" असं विचारत कुणी आलं, तर कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला मान वर न करता माझ्या शेजारच्या घराकडे बोट दाखवतो. पोस्टमन तिथं बरोबर पोचतो, गॅसवाला पोचतो. निवडणुकीच्या दिवसांत चिठ्ठ्या वाटणारा कार्यकर्ता तेवढा मतदारयादीत रेगे शोधून शोधून घामाघूम होतो.

नानांचं खरं नाव निंबा सोनवणे. मूळचे सोनगीरजवळच्या एका खेड्यातले. धुळ्याच्या देवपुरातल्या एका शाळेत पीटीचे सर म्हणून त्यांनी आयुष्य काढलं आणि आता निवृत्त होऊन बसलेत. रेगे हे त्यांचं आडनाव नाही, टोपणनाव तर मुळीच नाही. रेगे हा त्यांना जडलेला संगीताचा एक प्रकार आहे. तो जमैका नावाच्या कुठल्याशा लांबच्या बेटावर जन्मला आणि देवपुरात येऊन स्थायिक झाला. त्यातही नाना सगळं रेगे ऐकत नाहीत. तिकडच्या एका गायकाचा एकच कार्यक्रम ते ऐकतात. त्याचा शेवटचा कार्यक्रम, लोकांसमोर झालेला, टाळ्या-शिट्ट्यांसकट ध्वनिमुद्रित केलेला. तो रोज संध्याकाळी पहिल्यापासून शेवटपर्यंत लागतो, आणि आमची भिंत सामाईक असल्यामुळे माझ्याकडेही लागतो.

एकदा खरे रेगे आले होते. बँकेत बदली होऊन धुळ्याला आलेले, कोकणातले साहेब. इथल्या उन्हात मासळीवाचून आणि आपल्या माणसांवाचून कासावीस झाले होते. कुणीतरी त्यांना सांगितलं, देवपुरात एक रेगे नाना आहेत. झालं, रविवारी सकाळी पेढ्यांचा पुडा घेऊन सपत्नीक हजर. मी नानांच्या ओट्यावर त्यांचाच पेपर वाचत बसलो होतो, त्यामुळे पुढचं सगळं मला डोळ्यांनी बघायला मिळालं.

"आपण मूळ कुठले रेगे?" साहेबांनी मोठ्या आशेनं विचारलं.

नाना गप्प. नाना पहिल्या खेपेला कधीच उत्तर देत नाहीत. साहेबांनी घसा खाकरून पुन्हा विचारलं.

"जमैकाचे," नाना म्हणाले.

साहेब विचारात पडले. त्यांनी बायकोकडे बघितलं, बायकोनं त्यांच्याकडे बघितलं. मग हळूच म्हणाले, "म्हणजे कारवारच्या खाली का?"

त्या दिवशी ते जोडपं वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी खाऊन, डोळे पुसत घरी गेलं. ते पाणी ठेच्याचं होतं की निराशेचं, मला सांगता यायचं नाही. पण पुढं बदली होईपर्यंत ते दर सणाला नानांकडे येत राहिले.

हे रेगे नानांच्या घरात शिरले ते निव्वळ चुकीनं. नानांच्या पत्नीला, म्हणजे आमच्या अक्कांना, भावगीतांचं भारी वेड. कॅसेटचे दिवस होते. आग्रा रोडवर कॅसेटी भरून देणारं एक दुकान होतं. दुकानदार जगातली कुठलीही गाणी कोऱ्या कॅसेटवर उतरवायचा आणि वर आपल्या वळणदार अक्षरात मराठीत नाव टाकायचा. लग्नाच्या वाढदिवसाला बायकोला काहीतरी द्यावं, असं नानांना त्या वर्षी पहिल्यांदा सुचलं आणि ते त्या दुकानात गेले. एका कॅसेटवर लिहिलं होतं, 'रेगे. शेवटचा प्रोग्राम. लाइव्ह.' नानांना वाटलं, असतील कुणी रेगे म्हणून जुने गायक. पुण्या-मुंबईकडची माणसं, आपल्याला सगळ्यांची नावं थोडीच ठाऊक असतात! आणि शेवटचा प्रोग्राम म्हणजे माणसानं जीव ओतून गायलेला असणार. घेतली.

घरी अक्कांनी देवापुढं दिवा लावला, चटई अंथरली, आणि नानांनी बटण दाबलं. तंबोऱ्याच्या जागी हजारो माणसांचा गलका आला. मग ढोल, मग पोटात शिरणारी एक जाडजूड तार, मग कुणीतरी परक्या भाषेत ओरडलं.

"रेगे कव्हय सुरू व्हतीन?" अक्कांनी विचारलं.

"थांब ना, आधी वाद्यं लावी राह्यनात," नाना म्हणाले.

कॅसेटची पहिली बाजू संपेपर्यंत दोघं रेग्यांची वाट बघत बसले होते. दुसरी बाजू लागली तेव्हा त्यांनी वाट बघणं सोडून दिलं होतं आणि नानांचा पाय हलायला लागला होता.

आता तो पाय का हलला, हे सांगायला हवं, कारण नानांचं सगळं तत्त्वज्ञान त्या पायात आहे. मी ज्युनिअर कॉलेजात हिशेब शिकवणारा माणूस. मला कुठं काही गाळलेलं दिसलं की अस्वस्थ व्हायला होतं. शेजारी राहायला आलो आणि भिंतीतून पहिल्यांदा ते संगीत ऐकलं, तेव्हा मला वाटलं नानांचं यंत्र बिघडलंय. मी ओट्यावरून म्हणालो, "नाना, तुमच्या टेपचा पहिला ठोका चुकतोय."

नानांनी माझं पहिलं वाक्य तसंच जाऊ दिलं. मी पुन्हा म्हणालो. तेव्हा त्यांनी मला आत बोलावलं, समोर बसवलं आणि शाळेतल्या आवाजात म्हणाले, "सर, मोजा. एक, दोन, तीन, चार. बठ्ठं जग एकवर पाय आपटतं. हा गडी एकला काहीच करत नाही. तिनाला हाणतो. चुकेल नही, सोडेल शे."

'चुकेल नही, सोडेल शे.' चुकलेलं नाही, मुद्दाम सोडलेलं आहे. हे वाक्य नानांच्या तोंडून मी इतकं ऐकलंय की कॉलेजात ताळेबंद जुळला नाही की पोरं मला तेच ऐकवतात.

पहिला ठोका रिकामा सोडायचा, हा नियम नानांनी गाण्यापुरता ठेवला नाही. फोन वाजला की पहिल्यांदा उचलायचा नाही. हाक आली की पहिलीला ओ द्यायची नाही. लग्नात सगळे 'सावधान'ला अक्षता टाकतात. नानांच्या अक्षता एक श्वास थांबून येतात आणि नवरदेवानं निर्धास्त होऊन मान वर केली की नेमक्या त्याच्या डोळ्यांत जातात. भाजी घेताना बाई भाव सांगते, नाना गप्प उभे राहतात. बाई कमी भाव सांगते, नाना तरी गप्प. शेवटी ती बाई चिडून म्हणते, "घ्या नाना, पण बोला तरी काही!" घासाघीस न करता स्वस्त भाजी आणणारा एवढा एकच माणूस कॉलनीत आहे, आणि माझी बायको मला त्यांच्यासारखं गप्प राहायला शिका म्हणते. मी गप्प राहिलो की मात्र तिला राग येतो.

निवृत्तीच्या आधी नानांनी शाळेच्या बँडलाही तो ठेका शिकवला. पंधरा ऑगस्टचं संचलन, समोर कुणी बडे पाहुणे. सगळ्या पोरांनी डावा पाय उचलला आणि ढोल वाजलाच नाही. अख्ख्या शाळेचे पाय हवेत. ठोका आला तोवर अर्ध्यांनी पाय टेकवून टाकला होता, उरलेले एका पायावर झुलत होते. मुख्याध्यापकांनी डोळे मिटून घेतले. पण निम्मं मैदान ओलांडल्यावर पोरांना ती गंमत सापडली. खांदे सैल झाले, माना डोलायला लागल्या, आणि बघणारे सांगतात की पाहुण्यांचा बूटसुद्धा टेबलाखाली हलत होता. नानांना कारणे दाखवा नोटीस मिळाली. पहिलीला त्यांनी उत्तर दिलं नाही. दुसरी आली तेव्हा एक ओळ लिहून दिली, "ठोका चुकलेला नाही, सोडलेला आहे."

मी एकदा त्यांना विचारलं होतं की एवढं काय आहे त्या रिकाम्या ठोक्यात. दोनदा विचारलं, अर्थात. ते म्हणाले, "सर, मी जन्मभर पोरांच्या पायाखाली पहिला ठोका हाणला. डावा, उजवा, डावा, उजवा. कुणाला पाय उचलून इकडंतिकडं बघायला वेळच दिला नाही. हा माणूस वेळ देतो." असं काही बोलून गेले की नाना लगेच कुंडीतलं गवत उपटायला लागतात. मग मीही एखादं पान खुडतो.

असं आमचं बरं चाललं होतं. मग गेल्या वर्षभरात भिंतीतला आवाज वाढत गेला. आधी माझ्या फडताळातल्या कपबश्या किणकिणायला लागल्या. मग भिंतीवरचं कॅलेंडर हलायला लागलं. मग पलीकडच्या गल्लीतून बागुल साहेबांचा निरोप आला.

बागुल साहेब आमच्या कॉलनीचे अध्यक्ष. सरकारी कचेरीत लोकांच्या तक्रारी ऐकण्यात त्यांची हयात गेली आणि आता तक्रारींवाचून त्यांना करमत नाही. पण या खेपेला त्यांचंही खरं होतं. त्यांच्या सुनेला नुकतंच बाळ झालं होतं आणि ते ऐन झोपेच्या वेळी दचकून उठत होतं. "अहो, पोर रडायला लागलं की आधी थांबतं आणि मग रडतं," बागुल कळवळून म्हणाले. "त्याला ठेका लागलाय!"

कॉलनीची बैठक भरली. गाणं बंद करायला लावायचं, असं ठरलं. नानांचा मान म्हणून सगळ्यांच्या वतीनं त्यांना कानाला लावायचं यंत्र, म्हणजे हेडफोन, भेट द्यायचा आणि 'आता एकटेच ऐका' असं गोडीत सांगायचं. हे सांगायला भिंतीला भिंत असलेला माणूस बरा, असं सर्वानुमते ठरलं. मी बैठकीत काही बोललो नव्हतो, आणि बैठकीत न बोलणाऱ्याच्या गळ्यात काम पडतं.

संध्याकाळी हेडफोनचं खोकं पिशवीत घालून मी गेलो. प्रोग्राम निम्म्यावर आला असावा. इतक्या वर्षांत कुठलं गाणं कुठं येतं, ते मलाही पाठ झालं होतं. नाना दारातच खुर्ची टाकून बसले होते.

"नाना, आवाजाचं जरा..." मी म्हणालो.

नाना गप्प. मी पुन्हा तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांनी आत बोट केलं.

आत शाळेतून मोडीत निघालेली एक जुनी लाकडी स्पीकरची पेटी होती, माणसाच्या कमरेएवढी. दाराकडे पाठ करून, पाटावर, पेटीला अगदी खेटून अक्का बसल्या होत्या. दोन्ही तळहात पेटीच्या लाकडावर पसरलेले. समोर लोखंडी कपाट, त्याच्या दाराला आरसा. माझी चाहूल लागली नाही त्यांना. चपलांचा आवाज करत गेलो होतो, तरी लागली नाही.

"तिला ऐकू येत नाही, सर," नाना म्हणाले. "आधी एक कान गेला, मग दुसरा. मशीन आणलं, तर म्हणते त्यात नुसती शिट्टी वाजते. काढून ठेवलं."

मला काहीच ठाऊक नव्हतं. हळदीकुंकवाला हाक मारली तरी अक्का येत नाहीत, म्हणून माझी बायको त्यांच्यावर रुसून बसली होती. आम्ही भिंतीच्या अलीकडे आणि हे पलीकडे, आणि ऐकू येत होतं ते फक्त गाणं. मला फार वाईट वाटलं.

"कानासाठी आवाज नाही वाढवला," नाना सांगत होते. "हाताला लागावा म्हणून वाढवला. कमी केला की लाकूड हलत नाही. तिची भावगीतं लावून बघितली, ती पेटीच्या आतच राहतात. या गड्याचं लाकडातून येतं."

मी दाराशेजारच्या खाटेवर बसलो आणि पिशवी पायाशी सरकवून ठेवली. तरी बागुलांचं बाळ डोळ्यांपुढं होतंच. म्हणालो, "नाना, मग थोडा वेळ लावा. दोन गाणी. अख्खा प्रोग्राम कशाला?"

"शेवट पाहिजे," नाना या खेपेला पहिल्याच प्रश्नाला म्हणाले. "शेवटी तो काय म्हणतो, ठाऊक आहे?"

मला ठाऊक होतं. शेवटचं गाणं संपतं, लोक बेभान ओरडत असतात, आणि तो थकल्या आवाजात एकच शब्द म्हणतो. "यस म्हणतो. इंग्रजीत, हो म्हणून."

नाना हसले. "सर, तुम्ही रावेरकडचे, केळीवाल्यांच्या मुलखातले. तुमचं बोलणं निराळं. आमच्या अहिराणीत घरातून निघताना माणूस काय म्हणतो? 'येस.' येतो! 'जास' म्हणायचं नाही. 'येस' म्हणायचं, आतल्या माणसानं त्याला उत्तर द्यायचं, मग उंबरा ओलांडायचा. त्या पहिल्या दिवशी कॅसेट संपली आणि तो म्हणाला 'येस'. ही टुणकन उठून बसली. 'अहो, हाऊ तर आपलाच माणूस शे! देखा, कसा येस म्हणी राह्यना!' आणि त्या टेपला म्हणते कशी, 'ये रे भाऊ, ये.' तेव्हापासून रोज म्हणायची. कॅसेट परत द्यायला निघालो होतो मी. त्या एका शब्दावर राहिली."

आतून ढोल आणि ती जाड तार चालूच होती. अक्कांची बोटं लाकडावर हलत होती.

नानांनी खुर्ची माझ्याजवळ ओढली. आवाज खाली आणायची गरज नव्हती, तरी आणला. "कॅसेट झिजली म्हणून मध्यंतरी पेनड्राइव्ह भरून आणला. त्या दुकानदारानं मोबाइलवर बघून सांगितलं. हा गायक तेव्हाच आजारी होता. आतून दुखणं पोखरत होतं. डॉक्टर नको म्हणत होते, तरी उभा राहिला, अख्खा प्रोग्राम गायला. त्यानंतर लोकांपुढं आलाच नाही. गेला तो. तिला मी सांगितलेलं नाही. कॅसेटवर 'शेवटचा' लिहिलंय ते तिनं मागं एकदा विचारलं होतं, तेव्हा म्हटलं, त्या वर्षातला शेवटचा. ती अजून म्हणते, येस म्हणाला म्हणजे परत येईल कुठंतरी. तुम्हीही बोलू नका. वहिनींनाही नका सांगू."

मी मान हलवली.

"आणि दुसरं," ते म्हणाले, आणि बराच वेळ गप्प राहिले. हा त्यांचा नेहमीचा रिकामा ठोका नव्हता. "शाळेत जाताना, बाजारात जाताना, येस म्हटल्याशिवाय आणि तिचं उत्तर आल्याशिवाय मी कधी घराबाहेर पाय टाकला नाही. तिचे कान गेले आणि मी म्हणायचो, पण उत्तर येईना. समोर जाऊन उभा राहिलो, तोंडापुढं म्हटलं, तर रडली. 'मी बहिरी शे हाई माले दाखाडाले येतस का?' मग मी बाहेर जाणंच सोडलं. पांझरा नदीकडं एवढं फिरणारा माणूस मी. पाय सुजले. आणि एक दिवस काय झालं, गाणं संपलं, पेटी थांबली, तिच्या हाताला ते कळलं असणार. मी सहज दारात उभा होतो. ती त्या गायकाला 'ये' म्हणाली, आपलं रोजच्यासारखं. आणि मी निघालो, सर. दुसऱ्याला म्हटलेलं का असेना, घरातून आवाज तर आला."

हे सांगताना नानांचा चेहरा शाळेतल्या पोरासारखा ओशाळा झाला होता. बायकोनं परक्याला दिलेला निरोप हा माणूस रोज उसना घेऊन फिरायला जात होता. बागुलांना काय सांगायचं, ते मी तिथंच ठरवलं. भिंत माझी आहे, माझी तक्रार नाही. बाळाच्या झोपेची वेळ मला कळवा, प्रोग्राम तासभर अलीकडे-पलीकडे सरकवू. पुढं तसंच झालं, आणि बागुलांनीही फार ताणलं नाही.

शेवटचं गाणं लागलं तसे नाना उठले. पांढरे बूट चढवले, टोपी घातली आणि दारात सरळ उभे राहिले, संचलनाला उभे राहावं तसे. गाणं संपलं. गलका उसळला. त्या गलक्यातून तो दमलेला आवाज आला, "येस." मग गलकाही ओसरला आणि पेटी गप्प झाली.

मी अक्कांकडे बघत होतो. त्यांनी हात लाकडावरून उचलले, पण नजर पेटीवर नव्हती. ती समोरच्या आरशात होती. आरशात दार दिसत होतं, आणि दारात टोपी घातलेले नाना.

"या," अक्का म्हणाल्या.

नाना पायऱ्या उतरून गेले. त्यांचा पहिला पाय अलगद आणि दुसरा ठाम पडत होता.

मी तसाच बसून राहिलो. त्या गायकाला अक्का 'ये रे भाऊ' म्हणायच्या, असं नानांनीच आत्ता सांगितलं होतं. 'या' असं आमच्या खानदेशातल्या म्हाताऱ्या बायका नवऱ्याला म्हणतात. नानांच्या कानांवर इतकी वर्षं त्या पेटीचा मारा झालेला, 'ये' आणि 'या' यांतला फरक त्यांना आता ऐकू येत नसावा.

अक्का वळल्या आणि मला बघून दचकल्या. मग हसल्या. ऐकू न येणारी माणसं बोलतात तशा मोठ्यानं म्हणाल्या, "बंद कराले सांगाले उनात ना, भाऊ?"

मी घाईघाईनं नाही म्हणून हात हलवले. त्यांना ते पटलेलं दिसलं नाही.

"बंद करू नका. माले काहीच आयकू येस नही. हातले मुंग्या येतस, बस. पन गाणं सरनं म्हणजे त्या भायेर निंघतस. नहीतं दिवसभर मन्हासमोर बशी राहतस, मन्हं तोंड देखत." त्या म्हणजे नाना. नवऱ्याबद्दल बोलताना अक्का नाव घेत नाहीत.

मी पेटीकडे बोट केलं, मग दाराकडे केलं, आणि भुवया उंचावल्या. कोणाला म्हणालात 'या'?

त्यांना बरोबर कळलं. "तो गाणंवाला? तो तं कव्हयच मरी गया, भाऊ. त्या पेनड्राइव्ह भरीसन उनात, आन त्या दिनले जेवनातच नही. तव्हयच समजनं माले. मरेल माणूसले कोणी या म्हणस का? मी त्यासलेच म्हणस."

मग का नाही सांगत त्यांना, असं मला विचारायचं होतं, पण ते हातांनी कसं विचारायचं, ते मला येत नव्हतं. अक्काच थोड्या वेळानं म्हणाल्या, "सांगू नका. मन्हाकरता एक गोट लपाडी ठेयेल शे त्यासनी. ऱ्हाऊ द्या."

माझ्यासाठी एक गोष्ट लपवून ठेवलीय त्यांनी, राहू द्या. असं म्हणून त्यांनी पदरानं पेटीवरची धूळ पुसली आणि घडी घातलेलं एक कापड काढून तिच्यावर टाकायला लागल्या. मी हेडफोनची पिशवी उचलली.

"येतो, अक्का," मी सवयीनं म्हणालो.

त्या पाठमोऱ्या होत्या. उत्तर आलं नाही. येणार नाही हे मला माहीत होतं, मी हिशेबाचा माणूस आहे. पण पाय उंबऱ्यावरच अडला. रोज सकाळी कॉलेजात निघताना बायको आतून 'या' म्हणते की 'हं' म्हणते, हे मी कधी लक्ष देऊन ऐकलेलं नाही. पण काहीच आलं नाही तर निघता येत नाही, हे मला त्या दारात कळलं.

मग मी आत वळलो, जिथं नाना उभे होते तिथं दारात उभा राहिलो, आणि थांबलो. अक्का कापडाची सुरकुती काढत होत्या. ती निघाली. त्यांनी मान वर केली, आरशात बघितलं.

"या भाऊ," त्या म्हणाल्या.

मी बाहेर पडलो.